भाषांतराचे दप्तर

शिरूरहून दौंड तालुक्यात जायचे असले की मी न्हावऱ्याचा रस्ता धरतो. पारगावला भीमा ओलांडली की तालुका बदलतो आणि थोड्या वेळात केडगाव लागते. माझ्या कामाची दोन टोके या रस्त्याने जोडली गेली आहेत. अलीकडे शिरूर तालुक्यातली रांजणगावची औद्योगिक वसाहत, पलीकडे दौंड तालुक्यातली कुरकुंभची. रांजणगावला यंत्रे जास्त, कुरकुंभला रसायने जास्त. दोन्हीकडच्या कारखान्यांची यंत्रपुस्तके, सूचनाफलक आणि रसायनांची माहितीपत्रके इंग्रजीतून मराठीत आणणे हा माझा पोटापाण्याचा उद्योग. भाषांतराच्या साधनांचा इतिहास धुंडाळणे हा फावल्या वेळातला. दोन्ही गोष्टी मी कोणत्या वर्गात बसून शिकलेलो नाही. चुकत चुकत शिकलो, आणि हा लेख त्यांतल्या एका चुकीभोवती फिरणारा आहे.

भाषांतराविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. इमान मूळ लेखकाशी राखावे की वाचकाशी, बोली कशी आणावी, म्हणींचे काय करावे, यावर परिसंवाद होतात. भाषांतरकार आपले कागद कसे ठेवतो यावर मात्र फारसे कोणी बोलत नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांसारखी ती घरगुती बाब समजली जाते. पुण्याच्या पेशवे दप्तरात कागद रुमालांत बांधून, रुमालांना क्रमांक देऊन ठेवलेले आहेत. कागद चुकीच्या रुमालात गेला की तो असून नसल्यासारखा होतो. संगणकावरच्या भाषांतराचेही तसेच एक दप्तर असते. त्याची रचना सांगावी, आणि त्यात कागद चुकीच्या रुमालात गेला तर काय घडते तेही सांगावे, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

भाषांतराचे सॉफ्टवेअर म्हटले की लोकांना वाटते, यंत्र भाषांतर करून देते आणि मी बसून पैसे मोजतो. मोबाइलवर मिळते ते यंत्रभाषांतर ही वेगळी गोष्ट. मी जे साधन वापरतो ते स्वतःहून एक शब्दही मराठीत आणत नाही; ते लक्षात ठेवते. मी एका इंग्रजी वाक्याचे मराठी वाक्य लिहिले की ती जोडी ते साठवते आणि तेच किंवा तसेच वाक्य पुन्हा आले की जुनी जोडी पुढे करते. या साठ्याला भाषांतर-स्मृती म्हणतात. ही कल्पना मांडणाऱ्या सुरुवातीच्या लेखांत मार्टिन के या संगणक-भाषाशास्त्रज्ञाचा १९८०चा निबंध येतो. यंत्राला भाषांतरकाराच्या खुर्चीत बसवू नये, त्याच्या हाताशी बसवावे, असे त्यांचे म्हणणे होते. जर्मनीत श्टुटगार्टला १९८४ मध्ये सुरू झालेल्या ट्राडोस कंपनीने पुढे त्याचा धंदा उभा केला. मी वापरतो ते ओमेगा-टी मात्र मोफत आणि मुक्त आहे. कीथ गॉडफ्री यांनी २००० मध्ये त्याची सुरुवात केली. महागडे सॉफ्टवेअर परवडत नव्हते म्हणून मी त्याच्याकडे वळलो, हे खरे कारण. त्याच्या फोल्डरमधली जवळजवळ प्रत्येक महत्त्वाची फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून वाचता येते, हा फायदा नंतर कळला, आणि तोही अडचणीत सापडल्यावर.

स्मृती म्हणजे काय हे समजावताना मी नेहमी डेक्कन कॉलेजचे उदाहरण देतो. तिथे १९४८ पासून संस्कृतच्या महाकोशाचे काम चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तिथल्या कपाटांत आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर शब्द आणि तो कुठे, कोणत्या संदर्भात आला याची नोंद. भाषांतर-स्मृतीची एकेक नोंद अशाच चिठ्ठीसारखी असते : एक इंग्रजी वाक्य, त्याचे मराठी वाक्य, ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले, शेवटचे केव्हा बदलले. या चिठ्ठ्या ज्या प्रमाणित स्वरूपात लिहितात त्याला टीएमएक्स म्हणतात. हे स्वरूप ठरवणारी आंतरराष्ट्रीय संघटना २०११ मध्ये बंद पडली, पण स्वरूप चालू राहिले. एका सॉफ्टवेअरमधल्या चिठ्ठ्या दुसऱ्यात नेता येतात त्या त्याच्याच आधारे.

आता दप्तर उघडू. नवा प्रकल्प सुरू केला की ओमेगा-टी एक फोल्डर तयार करते आणि त्याच्या पोटात काही उपफोल्डर. 'सोर्स'मध्ये मूळ इंग्रजी फाइली ठेवायच्या. 'टार्गेट'मध्ये तयार मराठी फाइली निघतात. 'ग्लॉसरी'मध्ये शब्दसूची, ती तीन रकान्यांची साधी मजकुराची फाइल असते : इंग्रजी शब्द, मराठी शब्द आणि शेरा. 'टीएम'मध्ये बाहेरून आणलेल्या जुन्या स्मृती, म्हणजे आधीच्या प्रकल्पांच्या किंवा दुसऱ्या कोणाच्या. कोशांसाठी एक वेगळा फोल्डर असतो, तो माझ्याकडे रिकामाच आहे. आणि सॉफ्टवेअरच्याच नावाचा एक फोल्डर, ज्यात 'प्रोजेक्ट सेव्ह' नावाची टीएमएक्स फाइल असते.

गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो, तसा प्रकल्पाचा जीव या शेवटच्या फाइलीत असतो. मूळ इंग्रजी फाइल हरवली तर कारखाना पुन्हा पाठवतो. 'टार्गेट' पूर्ण पुसले तरी एका आज्ञेने सगळ्या मराठी फाइली पुन्हा निघतात. 'प्रोजेक्ट सेव्ह' गेली तर काम गेले. सॉफ्टवेअर तिच्या अलीकडच्या काही प्रती तारीख-वेळ घालून आपणहून ठेवते, तरी मी रोज रात्री तिची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर घेतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज कशी जाते-येते हे ज्याला माहीत आहे त्याला हे सांगायला नको.

एक गोष्ट इथे नीट लक्षात घ्यावी लागते, आणि मला ती लक्षात यायला वर्ष लागले. 'टार्गेट'मधली मराठी फाइल ही नुसती छाप आहे. ती स्मृतीतून निघते; तिच्यातून स्मृतीकडे परत काहीच जात नाही. पुढच्या वेळी छाप काढली की आधीची फाइल पुसून त्याच जागी नवी येते.

कुरकुंभच्या एका कारखान्यात एका टाकीवरचा पंप बदलला. जुना पंप सेंट्रिफ्यूगल, म्हणजे पाती फिरवून द्रव बाहेर फेकणारा. असा पंप सुरू करताना बाहेर जाणाऱ्या लाइनचा वॉल बंद ठेवतात, म्हणजे सुरुवातीला मोटरवर भार कमी येतो, आणि मग वॉल हळूहळू उघडतात. नवा होता गिअर पंप. तो दात्यांच्या फटीत द्रव धरून पुढे ढकलतो, आणि पुढे वाट नसली तरी ढकलतच राहतो. त्याचा बाहेरचा वॉल बंद ठेवून मोटर चालू केली तर दाब चढत जातो. सेफ्टी वॉलने वेळेवर वाट दिली नाही तर लाइन, जोड किंवा पंप, जे कच्चे असेल ते फुटते. आत असलेला द्रव पाणी नव्हता.

इंग्रजी सूचनापत्रकात या सगळ्याचा फरक एका शब्दाचा होता. पंप सुरू करण्यापूर्वी आउटलेट वॉल बंद करा, या अर्थाचे आठ इंग्रजी शब्दांचे वाक्य जुन्या पत्रकात होते. नव्यात 'क्लोज'च्या जागी 'ओपन' आले, बाकी सात शब्द तेच. जुन्या पंपाच्या कामाची स्मृती मी उत्साहाने नव्या प्रकल्पाच्या 'टीएम'मध्ये टाकून ठेवली होती. सॉफ्टवेअरने जुळणी काढली, ८७ टक्के, आणि जुने मराठी वाक्य जागेवर आणून ठेवले. अशा उसन्या वाक्याच्या सुरुवातीला ते चौकटी कंसात 'फझी' असा शिक्का मारते. अर्थ असा की हे पुरते जुळलेले नाही, बघून घ्या. त्या पत्रकात अशी कितीतरी वाक्ये होती, जिथे फरक फक्त पंपाच्या मॉडेल-क्रमांकाचा. क्रमांक बदलायचा, शिक्का पुसायचा, पुढे जायचे. हाताला लय लागली होती. त्या लयीत हाही शिक्का पुसला गेला.

८७ टक्के म्हटले की मन निर्धास्त होते. दहावीला एवढे पडले तर घरात पेढे येतात. पण ही टक्केवारी शब्द मोजते, अर्थ मोजत नाही. 'नाही', 'बंद', 'आधी', 'नंतर' हे मोजणीत एकेकच शब्द ठरतात, म्हणून त्यांच्या फरकाला गुण कमी कापले जातात. एखादे वाक्य पूर्ण नव्या शब्दांत लिहिलेले असले तर जुळणी ४० टक्क्यांवर येते आणि भाषांतरकार सावध होतो. एका शब्दाने उलटे झालेले वाक्य ८७ टक्क्यांचा पोशाख घालून येते.

कच्ची प्रत वाचायला दिली तेव्हा तिथल्या एका ऑपरेटरने बोट ठेवले. म्हणाला, "सर, ह्या पंपाचा वॉल बंद करायला सांगताय तुम्ही? जुन्याचं ठीक होतं." त्यानेच पेनाने खोडून 'उघडा' लिहिले. ऑफिसातल्या माणसाने समोरच्या वर्ड फाइलमध्ये तेवढा शब्द बदलला, प्रिंट काढली, लॅमिनेशन केले. मी ऑपरेटरचे आभार मानले, चहा घेतला आणि शिरूरला परत आलो. घरी प्रकल्प उघडला नाही. काम संपले होते.

सुमारे वर्षभराने त्याच पत्रकाची सुधारित इंग्रजी प्रत आली. दोन कलमे नवी, बाकी जसेच्या तसे. मी फाइल 'सोर्स'मध्ये टाकली. जुनी सगळी वाक्ये सॉफ्टवेअरने क्षणात भरली. वॉलचे वाक्यही भरले गेले, आणि आता त्यावर शिक्का नव्हता. इंग्रजी 'ओपन'च्या वाक्यासमोर मराठी 'बंद करा' ही जोडी मागच्या वर्षी मीच मान्य करून साठवली होती. ती आता १०० टक्के जुळत होती. ऑफिसात केलेली दुरुस्ती वर्ड फाइलीत राहिली होती, आणि ती फाइल ही छाप.

धंद्यातली एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. कामे देणाऱ्या संस्था जुळलेल्या वाक्यांना कमी दर देतात, पूर्ण जुळलेल्यांना कित्येकदा काहीच नाही. म्हणजे जी वाक्ये यंत्राने भरली ती वाचण्याचे पैसे नाहीत. हा हिशेब कागदावर रास्त दिसतो. मला तो धोकादायक वाटतो, आणि माझ्या चुकीत त्याचा वाटा होता असे मी म्हणतो, पण वाचण्याची जबाबदारी माझी होती यात शंका नाही. मी फक्त दोन नवी कलमे वाचली. या वेळी कच्ची प्रत कोणी मागितली नाही. फलक लागला.

तीन दिवसांनी त्याच ऑपरेटरचा फोन आला. "सर, पुन्हा तेच लिहिलंय."

कोणाला काही झाले नाही, कारण जुने ऑपरेटर फलक वाचत नाहीत. त्यांच्या हाताला पंप पाठ असतो. पण त्याच आठवड्यात कंत्राटदारामार्फत मराठवाड्यातून दोन मुले कामाला लागली होती आणि त्यांना फलक वाचून शिकायला सांगितले होते. त्या रात्री मी 'प्रोजेक्ट सेव्ह' पहिल्यांदा टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली आणि ती नोंद शोधली. इंग्रजी वाक्य, मराठी वाक्य, माझे नाव, तारीख, वेळ. वेळ ग्रिनिचच्या हिशेबाने असते. साडेपाच तास मिळवले तेव्हा दुपारी जेवणाआधीची निघाली.

फलक मराठीत का लावतात, हेही सांगायला हवे. १९४८च्या कारखाना अधिनियमाचे कलम १०८ असे होते की कायद्याने लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत हव्यात. १९८४च्या भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ मध्ये त्याच कायद्यात धोक्याची माहिती कामगारांना देण्याचे बंधन आले, आणि १९८९च्या घातक रसायनांच्या नियमांनी प्रत्येक घातक रसायनाबरोबर सुरक्षा-माहितीपत्रक ठेवायला लावले. माझ्यासारख्या माणसाला काम मिळू लागले ते या कायद्यांमुळे. कुरकुंभला आता हिंदी पत्रकेही मागतात. त्यासाठी प्रकल्प वेगळा करावा लागतो, कारण ओमेगा-टीत एका प्रकल्पात भाषांची एकच जोडी राहते. मराठी आणि हिंदीची लिपी एक, त्यामुळे चुकीच्या फोल्डरमध्ये पडलेली फाइल पटकन डोळ्याला खुपतही नाही. ही आणखी एक अडचण, जी तमिळ भाषांतरकाराला येत नसेल.

चुकीनंतर मी दप्तर नव्याने लावले. 'टीएम'च्या आत काही राखीव नावांचे उपफोल्डर करता येतात, हे मला माहीत होते पण कधी वापरले नव्हते. 'पेनल्टी' हा शब्द आणि पुढे आकडा अशा नावाच्या फोल्डरमध्ये ठेवलेल्या स्मृतीचे गुण तेवढ्याने कापले जातात. दुसऱ्या पंपाची, दुसऱ्या कारखान्याची, दुसऱ्या माणसाने केलेली स्मृती आता मी तीस गुणांच्या दंडाखाली ठेवतो. ८७चे ५७ होतात, आणि ऐंशीच्या खालचे काहीही आपणहून भरू नये असे मी सॉफ्टवेअरला सांगून ठेवले आहे. जुने वाक्य बाजूला दिसते, हवे असेल तर बघता येते, पण जागेवर येऊन बसत नाही. उलट टोकाला 'एनफोर्स' नावाचा फोल्डर आहे. त्यातली जोडी सगळ्यांवर मात करते. मी आधी काही वेगळे लिहिले असले तरी तीच लागते. तिथे मी फारच थोड्या गोष्टी ठेवतो, त्या पुढे सांगतो. आणि वर्डमध्ये केलेली दुरुस्ती मी आता दुरुस्ती मानत नाही. ती प्रकल्पात टिपली, छाप पुन्हा काढली, मगच काम संपले.

आता मराठीपुरत्या काही अडचणी, ज्या इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत सापडत नाहीत.

वॉलला मराठी काय म्हणावे? परिभाषेत 'झडप' आहे. सुरुवातीला मी झडपच लिहीत असे. कारखान्यात झडप कोणी म्हणत नाही. गावाला पाणी सोडणारा माणूससुद्धा 'वॉलमन' असतो. तेव्हा शब्द बदलायचे ठरले. ग्लॉसरीत बदल एका ओळीचा. पण ग्लॉसरी बदलली म्हणून स्मृतीतली वाक्ये बदलत नाहीत. मग शोधा-आणि-बदला केले, आणि पानोपानी 'वॉल बंद करावी', 'वॉल उघडी ठेवावी' असे निघाले. झडप स्त्रीलिंगी, वॉल पुल्लिंगी. विशेषण बदलते, क्रियापद बदलते, सामान्यरूप बदलते : 'झडपेला'चे 'वॉलला', 'झडपेच्या'चे 'वॉलच्या'. इंग्रजीत एक शब्द बदलला की काम संपते. मराठीत एका नामामागे सगळे वाक्य हलते. ते काम मी हाताने केले. त्याला आठवडा लागला आणि त्या आठवड्यात मला माझ्या जुन्या मराठीचा चांगलाच परिचय झाला.

'ओपन' या एका शब्दाचेही तसेच. बटणावर तो आज्ञा असतो, दिव्याखाली तो स्थिती असतो. इंग्रजी मजकूर एकच असल्याने सॉफ्टवेअर एकदा दिलेले मराठी सगळीकडे पसरवते. 'उघडा' आणि 'उघडे आहे' या दोन गोष्टी आहेत, हे त्याला सांगण्यासाठी त्या जागेपुरते पर्यायी भाषांतर नोंदवावे लागते. ती सोय आहे. वापरायची आठवण राहिली पाहिजे.

आणि लिपी. 'ॲसिड' हा शब्द रसायनांच्या पत्रकांत सतत येतो. युनिकोडमध्ये 'ॲ' हे स्वतंत्र अक्षर २००८ मध्ये आले. त्याआधी आणि त्यानंतरही अनेक जण 'अ'वर चंद्र चढवून ते लिहीत आले. पडद्यावर दोन्ही जवळपास सारखी दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. स्मृतीत 'ॲसिड' शोधले आणि अर्धीच वाक्ये मिळाली, तेव्हा मला वाटले उरलेली पुसली गेली. ती होती, दुसऱ्या लेखनात. 'ऱ'चेही असेच : एक सलग अक्षर, आणि एक 'र'खाली टिंब देऊन केलेले. मी आता दर महिन्याला सगळी स्मृती एका लेखनावर आणतो. ज्यांची जुनी कामे युनिकोडपूर्व फाँटांत आहेत त्यांचा प्रश्न याहून अवघड. त्या फाइलीत मराठी अक्षरे नसतातच. इंग्रजी चिन्हांना मराठीचे मुखवटे असतात. फाँट काढला की खाली अर्थहीन अक्षरे उरतात. ती आधी रूपांतरित केल्याशिवाय स्मृतीत घालणे म्हणजे कपाटात कोऱ्या चिठ्ठ्या भरणे.

'एनफोर्स'मध्ये काय ठेवतो ते सांगायचे राहिले. रसायनांच्या धोक्याची जगभर ठरलेली, क्रमांक दिलेली विधाने आहेत. पेट घेणाऱ्या द्रवांसाठी एच २२४, एच २२५ आणि एच २२६ अशी तीन. तिन्हींत इंग्रजीत फक्त तीव्रतेचा शब्द बदलतो. फरक मात्र मोजलेला आहे : पहिल्या दोन प्रकारांतला द्रव २३ अंश सेल्सिअसच्या खालीच पेटण्याजोगी वाफ सोडतो, आणि त्यांतल्या पहिल्याचा उत्कलनबिंदू ३५ अंश किंवा त्याहून कमी असतो, तिसऱ्याला २३ ते ६० अंशांची ऊब लागते. कुरकुंभच्या उन्हाळ्यात २३ अंश पहाटेसुद्धा पार होतात. मराठीत मी आधी 'अत्यंत ज्वालाग्राही', 'अति ज्वालाग्राही', 'ज्वालाग्राही' असे लिहीत असे. एका कामगाराला वाचून दाखवले तेव्हा त्याने विचारले, अत्यंत मोठे की अति? मला उत्तर देता आले नाही. आता 'क्षणात पेट घेणारा', 'चटकन पेट घेणारा', 'पेट घेणारा' असे लिहितो. हे शब्द सर्वोत्तम आहेत असा माझा दावा नाही. पण एकदा ठरले की शंभर पत्रकांत तेच हवेत, आणि माझा मूड बदलला म्हणून बदलता कामा नयेत. म्हणून ती विधाने 'एनफोर्स'मध्ये.

केडगावचा उल्लेख सुरुवातीला केला तो वाटेवरचे गाव म्हणून नव्हे. १८९६-९७च्या दुष्काळानंतर पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुलींना घेऊन इथे मुक्ती मिशन उभे केले. इथेच त्यांनी आयुष्याची शेवटची अनेक वर्षे बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठीत आणण्यात घालवली. आधीच्या मराठी बायबलाची संस्कृतकडे झुकणारी भाषा साध्या बायकांना कळत नाही, ही त्यांची तक्रार होती; त्यांना आश्रमातल्या मुलींना वाचता येईल असे मराठी हवे होते. छापखाना तिथलाच, आणि खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतची कामे तिथल्या बायका-मुली करत. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आले. या दोन तालुक्यांत याहून मोठे भाषांतर झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

त्या कामाकडे मी धर्मग्रंथ म्हणून पाहायला पात्र नाही. प्रकल्प म्हणून मात्र पाहतो. एकच हिब्रू शब्द शेकडो ठिकाणी येतो, आणि त्या जागांच्या भाषांतरांत वर्षांचे अंतर पडते. पहिल्या वर्षी कोणता मराठी शब्द धरला होता, का धरला होता, कोणत्या जागी सोडला होता, हे कुठे तरी टिपलेले असल्याशिवाय असे काम पार पडत नाही. ही गरज किती जुनी आहे याचा पुरावा म्हणून अमेरिकेत १८९० मध्ये छापलेली जेम्स स्ट्राँग यांची बायबलची शब्दसूची दाखवता येते. त्यांनी प्रत्येक हिब्रू आणि ग्रीक शब्दाला क्रमांक दिला. ते क्रमांक आजही वापरात आहेत.

आणि छापखान्याची एक रीत, जी मला आधी कळायला हवी होती. खिळ्यांच्या छपाईत मुद्रिते तपासताना सापडलेली चूक जुळारी चिमट्याने खिळा उपसून जागेवर दुरुस्त करतो. हस्तलिखितात ती चूक तशीच राहते. म्हणून जुने छापखाने पुढची आवृत्ती हस्तलिखितावरून जुळवत नसत. शेवटच्या छापील प्रतीवर तांबड्या शाईने दुरुस्त्या करून ती प्रत कपाटात जपून ठेवत आणि जुळणीला तीच देत. माझे हस्तलिखित म्हणजे स्मृती, आणि मी ती तशीच जुळणीला दिली होती.

साहित्याचे भाषांतर करणाऱ्या एक-दोन मित्रांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. कादंबरीत वाक्ये परत येत नाहीत, म्हणाले. बहुतेक येत नाहीत, हे खरे. पण नातेवाचक शब्द येतात, गावातल्या जागांची नावे येतात, एका पात्राचे पालुपद दहाव्या आणि तिसाव्या प्रकरणात येते, आणि मधे आठ महिने गेलेले असतात. त्यांना स्मृतीपेक्षा ग्लॉसरी उपयोगी पडेल, आणि तिचा तिसरा रकाना सर्वांत जास्त. शब्द कोणता घेतला हे पुस्तकात दिसतेच. दुसरा कोणता होता आणि तो का सोडला, हे फक्त तिथे राहते. स्मृती कोणाच्या मालकीची, कारखान्याची की माझी, हा वाद धंद्यात जुना आहे. मी काम देताना लेखी ठरवून घेतो : मजकूर तुमचा, ग्लॉसरी दोघांची.

त्या पंपाच्या प्रकल्पाची ग्लॉसरी मी छापून कारखान्यात देऊन ठेवली आहे. ओळी सव्वाशेच्या आसपास. 'आउटलेट वॉल' या ओळीच्या तिसऱ्या रकान्यात लिहिले आहे : 'गिअर पंप असेल तर आधी उघडा, मग मोटर. ऑपरेटर, दुसरी पाळी, यांनी दोनदा सांगितले.'